चिखल मंडळाची अक्का

अक्का,

आपलं भांडण अर्धवट राहिलं. परवा रक्षाविसर्जनाला सगळे तुझ्याविषयी चांगलं बोलत होते आणि मी बांधावर उभी राहून मनातल्या मनात तुझ्याशी वाद घालत होते. एका पाहुण्यांनी तुला 'शांत स्वभावाच्या' म्हटलं. माझ्या मागं आपल्या शाळेची मुलं उभी होती, त्यांनी एकमेकांकडं बघितलं. तू शांत कधी होतीस? तू शाळेमागच्या शेतीच्या प्लॉटवरून हाक मारलीस की रस्त्यावरची एसटी थांबते, असं मुलं सांगायची. त्यातला निम्मा भाग खरा होता.

तुझी नोकरी कधी लागली, कुठल्या गावची लेक आणि कुठल्या घरची सून, हे सगळं पेपरात छापून आलंय. ते मी परत लिहीत नाही. मला आपल्या शनिवारांबद्दल बोलायचंय.

मी शाळेत मराठीची शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा तू तिथली शेतीची जुनी शिक्षिका होतीस. मी कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेत वाढलेली, शेत म्हणजे एसटीच्या खिडकीतून दिसणारा ऊस एवढंच ठाऊक. हेडमास्तरांनी मला एक काम दिलं. ज्या मुलांना पुढं शिक्षक व्हायचंय त्यांना शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायचं, बोलायला शिकवायचं, खालच्या वर्गावर पाठ घ्यायला लावायचं. मी हौसेनं 'उद्याचे शिक्षक मंडळ' अशी पाटी रंगवून घेतली. त्याच वेळी तुझं शेती मंडळ भरतं आणि मुलंही बरीचशी तीच, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पहिल्याच शनिवारी नववीतला एक मुलगा पाचवीच्या मुलांना पाठ देत होता. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. तेवढ्यात तू दारात आलीस. पदर खोचलेला, पायाला घोट्यापर्यंत चिखल. म्हणालीस, शेती मंडळाची काही पोरं इथं आहेत आणि पाटाला पाणी सुटलंय. पाठ संपल्यावर पाठवते, असं मी म्हटलं. त्यावर तू म्हणालीस, "पाणी थांबत न्हाय बाई." आणि मुलं उठून गेली. पाठ देणारा मुलगासुद्धा गेला. पाचवीची मुलं माझ्याकडं बघत बसली.

मी तणतणत हेडमास्तरांकडं गेले. ते हसले आणि तुमचं तुम्ही मिटवा म्हणाले. आपण ते कधीच मिटवलं नाही. मुलांनी मात्र दोन्ही मंडळांना नावं ठेवून टाकली. माझं खडू मंडळ आणि तुझं चिखल मंडळ. सरकारी कागदावर काहीही असो, शाळेत हीच नावं चालली.

तो प्लॉट मी पहिल्यांदा नीट बघितला तो उन्हाळ्यात. शाळेच्या मागं, ओढ्याच्या अंगाला, सगळा पांढरा. मला वाटलं कोणी चुना सांडलाय. तू सांगितलंस, ते मीठ आहे. वर्षानुवर्षं उसाला नुसतं पाणी पाजत राहिलं की जमिनीच्या पोटातलं मीठ वर येतं आणि रान मरतं. या भागात अशी किती रानं आहेत ते मला तू एसटीतून दाखवत गेलीस. त्यानंतर खिडकीतून दिसणारा ऊस मला पूर्वीसारखा दिसला नाही.

तो प्लॉट संस्थेनं तुला दिला कारण तो दुसऱ्या कोणालाच नको होता. तू तो मागून घेतलास, कारण तुझ्या वडिलांचं, आप्पांचं, रान असंच गेलं होतं. हे तू एकदाच बोललीस, इचलकरंजीच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना. तू शाळेत शिकत असताना आप्पांनी रानात जायचं बंद केलं. कोणी विचारलं तर तिकडं काय बघायचं, एवढंच म्हणायचे. तू म्हणालीस, "मानूस गेलं की लोक भेटाय येतात. रान गेलं तर कोण येत न्हाय." मग गाडी आली, तू जागा धरलीस आणि विषय बदलला. मी पुन्हा कधी विचारलं नाही.

मुलांबरोबर तू त्या प्लॉटात खोल चर काढलेस, ओढ्यापर्यंत नेलेस. पावसाळ्यात धैंच्याचं बी पेरायचीस, फुलावर यायच्या आत तो हिरवाच मातीत गाडायचीस. मला ते वेडेपण वाटायचं. एवढं उगवून आलेलं गाडून टाकायचं कशाला, असं मी विचारलं तर तू मला नववीच्या एका मुलीकडं पाठवलंस. ती सांगेल म्हणालीस. गाडलेला धैंचा कुजून खत होतो आणि माती मोकळी होते, हे तिनं सांगितलं, आणि बरं सांगितलं. ती सारिका.

सारिकावरून आपण जेवढं भांडलो तेवढं कशावरून भांडलो नाही. तिचे वडील इचलकरंजीला यंत्रमागावर पाळीनं जायचे. घरची थोडी जमीन होती, तीही पांढरी पडलेली. आई म्हशी सांभाळायची. वर्गात ही मुलगी तोंड उघडायची नाही. तुझ्या प्लॉटवर मात्र तिचा आवाज तुझ्या खालोखाल. मला ती माझ्या मंडळात हवी होती, कारण तिला समजावून सांगता येत होतं. तुला ती हवी होती, कारण तिला मातीत हात घालायची लाज नव्हती. ती दोन्हीकडं यायची आणि दोघींच्या शिव्या खायची.

माझा आग्रह भाषेचा. आपल्याकडं मुली 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. मी वर्गात प्रत्येकीला थांबवायची. 'आले' म्हण, 'गेले' म्हण. 'हाय' नको, 'आहे' म्हण. तुला ते आवडायचं नाही. एकदा मधल्या सुट्टीत मी घरी आईला फोन करत होते. मी जेवलो गं, तू जेवून घे, असं म्हणून फोन ठेवला, तर तू मागंच उभी. "बाई, जेवलो का जेवले?" सगळी स्टाफरूम हसली. मीही हसले. त्या दिवसापासून तू मला 'पेठेतली' म्हणायला लागलीस आणि माझ्या तोंडी 'अक्का' आणि 'तू' आलं.

त्यानंतरही मी मुलींना थांबवायचं सोडलं नाही, हे तुला माहीत आहे. मी तुला सांगायची, अक्का, उद्या ही पोर मुलाखतीला जाईल, तिथं समोर बसलेला माणूस तिचं ज्ञान ऐकायच्या आधी तिचं 'हाय' ऐकेल. तू म्हणायचीस, मग त्या माणसाला शिकव की, माझ्या पोरींना कशाला. मग तू मला प्लॉटातले मुळे द्यायचीस. तू जैन, मुळा, गाजर, बटाटा, जमिनीखालचं काही खायची नाहीस. मुलांना मात्र सगळं लावायला शिकवायचीस. निघालेलं सगळं माझ्या पिशवीत. त्या मुळ्यांचा वास घेऊन मी भरलेल्या एसटीत उभी राहायची आणि लोक माझ्यापासून सरकून बसायचे.

मग संस्थेच्या अध्यक्षांनी तो प्लॉट परत मागितला. तिथं सभागृह बांधायचं, लग्नकार्याला देता येईल, शाळेला उत्पन्न होईल. माणूस वाईट नव्हता. शाळेचं छप्पर गळत होतं, हेही खरं होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. इतकी वर्षं मुलं तिथं खणतात, गावातल्या एका तरी शेतकऱ्यानं त्यातलं काही आपल्या रानात केलंय का? केलं नव्हतं. मी तुला पहिल्यांदाच निरुत्तर झालेली बघितलं आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

तू त्यांच्याकडं एक हंगाम मागून घेतलास. थंडीत, तिथं पेरलेला शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पोटरीला आल्यावर, गावातल्या शेतकऱ्यांना प्लॉटवर बोलवायचं. मुलं दाखवतील, मुलं सांगतील. त्यानंतर अध्यक्षांनी काय ते ठरवायचं. अर्धा प्लॉट तू मुद्दाम हात न लावता तसाच पांढरा ठेवला होतास. शेजारी शेजारी दिसू दे म्हणालीस.

सांगणार कोण, यावर आपण दोघींनी एकच नाव घेतलं. आणि त्याच नावावरून स्टाफरूममध्ये आपलं सगळ्यात मोठं भांडण झालं. मी सारिकाचं भाषण तयार करून घेतलं होतं. व्यवस्थित, प्रमाण भाषेत, सुरुवात आणि शेवटासकट. तू दोन वाक्यं ऐकलीस आणि "साकू" म्हणालीस. पुरे, असं सांगायचं झालं की तुझ्या तोंडात कन्नडच यायचं.

"ही काय बोलाय लागलीया? 'अतिरिक्त सिंचनामुळे'? समोर कोण बसणार हाय ते बघ की."

"अध्यक्ष बसणार आहेत."

"अध्यक्षाचं रान न्हाय. रान तात्यांचं हाय."

तात्या म्हणजे गावातले मोठे ऊसवाले. त्यांचं रान वरच्या अंगाला, सारिकाच्या वडिलांचं त्यांच्या खाली. वरचं पाणी खाली मुरायचं. गावात सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि कोणी तात्यांना म्हणत नव्हतं. मी तेव्हा पहिल्यांदा घाबरले. मी तुला म्हटलं, पोरगी तिथं अडकली तर तिचं हसं होईल, भाषण पाठ असलेलं बरं. तू म्हणालीस, पाठ केलेलं भाषण तात्या एका प्रश्नात मोडतील, मग तिच्या हातात काय राहील? आपण दोघीही खरं बोलत होतो. दोघींचाही आवाज चढला होता. शेवटी सारिकालाच बोलावलं. ती उभी राहिली, आपल्या दोघींकडं बघितलं आणि म्हणाली, "मी बघतो की माझं मी." आणि निघून गेली.

तो दिवस मी जन्मभर विसरणार नाही. रविवार सकाळ होती. माणसं जोतिबाला जाऊन आलेली, कपाळाला गुलाल. काही जण बसले, काही बांधावर उभे राहिले. तात्या खुर्चीवर. अध्यक्ष त्यांच्या शेजारी. तू मागं आंब्याखाली जाऊन उभी राहिलीस, पुढं यायलाच तयार नव्हतीस. मी पहिल्या रांगेत, भाषणाचा कागद मुठीत.

सारिकानं भाषण म्हटलं नाही. पण माझ्या मंडळात शिकलेली रीत तिनं सोडली नाही. आधी प्रश्न विचारायचा, मग दाखवायचं, मग सांगायचं. तिनं मूठभर पांढरी माती घेतली आणि मूठभर शाळूतली. दोन्ही ओल्या करून पहिल्या रांगेतल्यांच्या हातात दिल्या आणि विचारलं, काय फरक वाटतोय. माणसं बोलायला लागली. ही चिकटतीया, ही भुसभुशीत हाय. बाया पुढं सरकल्या. मग तिनं चर का काढले, धैंचा का गाडला ते सांगितलं. सगळं 'हाय' आणि 'न्हाय' मधलं. माझ्या मुठीतला कागद भिजून गेला होता.

तात्या मधेच म्हणाले, पोरी, एवढं कळतंय तर बाचं रान का पांढरं पडलंय? चारदोघं हसले. मी मागं वळून तुझ्याकडं बघितलं. तू जागची हलली नाहीस.

सारिका म्हणाली, "वरच्या रानातलं जादा पाणी खालच्या रानात मुरतंय, तात्या."

कोणी हसलं नाही. तात्या म्हणाले, "म्हंजे माझं पाणी?"

"तुमचं बी. आणि तुमच्या वरनं जे येतंय ते तुमच्या रानात मुरतंय. खालच्या कोपऱ्यात तुमचा ऊस बी पिवळा पडलाय, मी येताजाता बघतो."

मग ती चराकडं गेली. चरातून ओढ्याकडं थोडं थोडं पाणी वाहत होतं. तिनं त्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि तात्यांना म्हणाली, तुम्ही बघा. मला वाटलं ते उठणार नाहीत. ते उठले. धोतर सावरत चरापाशी वाकले, बोट बुडवलं, चाखलं आणि थुंकले.

"खारट हाय," म्हणाले.

"ते मीठ तुमच्याआमच्या रानातनं बाहेर जायला पायजे. हितनं चाललंय. तिथं त्याला वाट न्हाय."

एकेक माणूस चरापाशी येऊन बोट बुडवून बघायला लागला. अध्यक्षांनीही बघितलं. मग तात्यांनी विचारलं, रान बरं व्हायला किती दिवस लागतील. सारिकानं उलट विचारलं, खराब व्हायला किती वर्षं लागली? तात्या म्हणाले, लय. ती म्हणाली, मग एका हंगामात कसं होईल? तिच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. आजारी माणसाच्या घरच्यांना समजावून सांगावं तसं ती सांगत होती.

तुझ्याकडं बघायचं मला धाडस होईना. शेवटी बघितलं. तू पदरानं तोंड पुसत होतीस. उन्हानं घाम आलाय असं नंतर म्हणालीस. थंडीचे दिवस होते, अक्का.

उन्हाळ्यात तात्यांच्या आणि सारिकाच्या वडिलांच्या बांधाला मिळून चर निघाला. तुझ्या मंडळाची मुलं पाणी भरलेल्या नळीनं उतार मोजून देत होती. माझ्या मंडळाची मुलं घरोघर जाऊन, चर कशाला आणि पाणी मोजून कसं द्यायचं, ते सांगत होती. 'अतिरिक्त सिंचन' कोणी म्हणालं नाही. सभागृह पुढं रस्त्याच्या बाजूला झालं, आणि प्लॉट राहिला. अध्यक्ष आता पाहुण्यांना आधी प्लॉट दाखवतात आणि मग सभागृह.

त्या रविवारनंतरच्या शनिवारी तू माझ्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बसलीस. मुलं पाठ देत होती, तू ऐकत होतीस. सुटल्यावर उठलीस आणि जाता जाता म्हणालीस, "आधी विचारायचं, मग दावायचं. तुझं कामाला आलं." एवढंच. तू कोणाचं कौतुक केलेलं मी क्वचितच ऐकलं. त्या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली. हे तुला सांगायचं होतं. तू हसली असतीस म्हणून सांगितलं नाही.

मंडळं आपण एक केली नाहीत. तसं हेडमास्तर सुचवत होते. तू नको म्हणालीस, मीही नको म्हणाले, आणि दोघी एका मताच्या झालेल्या बघून ते गप्प बसले. फक्त एक ठरलं. माझ्या प्रत्येक मुलानं वर्षातून एकदा प्लॉटवर पाठ द्यायचा आणि तुझ्या प्रत्येक मुलानं वर्गात. सुरुवातीला तुझी मुलं फळ्याकडं तोंड करून बोलायची आणि माझी मुलं चप्पल काढायला तयार नसायची.

भांडण मात्र चालूच राहिलं. मी तुझी पोरं पळवते, असं तू म्हणायचीस. माझी मुलं डी. एड. करून गाव सोडायची हे खरंच होतं. सारिकाही डी. एड. झाली, पण लगेच गेली नाही. शिक्षक भरतीची वाट बघण्यात तिची काही वर्षं घरीच गेली. त्या वर्षांत तिनं आईबरोबर रान उभं केलं, शाळू काढला, मग भुईमूग. तू खूश होतीस. मी रोज भरतीची बातमी शोधायची. मग तिला गगनबावड्याकडच्या डोंगरातल्या शाळेत नेमणूक मिळाली. मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. तू पेढा घेतलास, पदराला बांधलास आणि "गेली" म्हणालीस.

पण पहिल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर तिनं तुला फोन केला. तिकडची माती तांबडी, पाऊस भयंकर, शाळेच्या अंगणात काय लावू? तू खरं तेच सांगितलंस, मला तांबड्या मातीतलं काही कळत नाही. आणि पुढच्या आठवड्यात एसटी पकडून स्वतः तिकडं गेलीस. मला नंतर कळलं. काय केलंस विचारलं तर म्हणालीस, पोरीकडनं शिकून आलो. तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. स्वतःच्या प्लॉटातला शाळू बघतानासुद्धा नाही.

दवाखान्यात तुला जास्त बोलायचं नाही असं सांगितलं होतं. मी येऊन बसले तर तुझा पहिला प्रश्न, धैंचा गाडला का. मी हो म्हटलं, मुलांनी गाडला. फुलावर यायच्या आत? ते मला माहीत नव्हतं. तू तोंड फिरवलंस. मग तोंड तिकडंच ठेवून म्हणालीस, "ती सारिका. पोरींना 'आलो' म्हणू देती का 'आले' म्हणायला लावती?"

मी म्हटलं, आपण कधी विचारलंच नाही.

"विचार."

तुझी सून डबा घेऊन आली. सूर्य मावळायच्या आत तुला जेवायचं होतं, दवाखान्यातही तू ते मोडलं नाहीस. मी उठले. पुन्हा येते म्हटलं. तू मान हलवलीस. मग तू गेल्याचाच निरोप आला.

रक्षा नदीत सोडायची नाही, आप्पांच्या रानात टाकायची, हे तू घरी सांगून ठेवलं होतंस. ते रान मी परवाच पहिल्यांदा बघितलं. त्यात गुडघ्याएवढं सोयाबीन उभं होतं. तू ते कधी बरं केलंस, अक्का? किती सुट्ट्या त्यात घातल्यास? तुझ्या भावाला विचारलं तर तो म्हणाला, आप्पा असतानाच झालं. शेवटची काही वर्षं ते रोज रानात जायचे. तू मला आप्पांचं दुःख सांगितलंस आणि हे सांगितलंच नाहीस. एसटी आली म्हणून राहिलं असेल.

तात्या आले होते, काठी टेकत. अध्यक्ष आले होते. सारिका डोंगरातून पहाटेच्या गाडीनं आली होती. सगळं झाल्यावर मी तिला बाजूला घेऊन तुझा प्रश्न विचारला. ती रडत होती, तरी हसली. म्हणाली, "पयलीच्या पोरी 'आलो' म्हणतात, मी बी तसंच बोलतो त्यांच्याशी. न्हायतर त्या घाबरून गप्प बसतात. मोठ्या झाल्या की 'आले' पण सांगते, मुलाखतीसाठी. दोन्ही यायला पाहिजे ना, बाई." बघ, एका दमात तिनं तुझं आणि माझं दोन्ही बोलून टाकलं. तू असतीस तर काहीतरी खुसपट काढलं असतंस.

काल शनिवार होता. तुझ्या जागी कोणी आलेलं नाही. हेडमास्तरांनी मला विचारलं, तोवर शेती मंडळ बघाल का. मी म्हटलं, मला त्यातलं काही येत नाही. तरी सकाळची शाळा सुटल्यावर पाय प्लॉटकडं वळले. वाटलं, मुलं आली नसतील. सगळी आली होती, तुझीही आणि माझीही. चपला बांधावर काढून ठेवलेल्या. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं.

आठवीतल्या एका मुलीनं मला चराच्या काठावर बसवलं. मातीत काडीनं रेघा ओढून, पाणी कुठून मुरतं, मीठ कसं वर येतं, धैंचा कधी गाडायचा, ते ती सांगत गेली. आधी विचारत होती, मग दाखवत होती. इतकी वर्षं मी हे ऐकत आलेय, अक्का, पण मला कोणी शिकवायला बसलं नव्हतं. बाकीची मुलं भोवती उभी राहून ऐकत होती, आणि माझा ऊर भरून आला. तुझ्यामुळं, त्यांच्यामुळं आणि थोडा माझ्या स्वतःमुळंही. शेवटी तिनं विचारलं, "कळलं का, बाई?"

मी म्हटलं, "न्हाय. परत सांग."

तिनं काडी उचलली आणि पहिल्यापासून सांगायला लागली. तुझ्यापेक्षा पुष्कळ शांतपणे.